दीड महिन्याच्या लसीच्या दिवशी आईचंही पोट तपासा

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य
आणि मा. आयुक्त, आरोग्य सेवा तथा अभियान संचालक, राष्ट्रीय आरोग्य अभियान, मुंबई

विषय : प्रसूतीनंतर पोटाचे स्नायू विलग राहिलेल्या महिलांची तपासणी आणि फिजिओथेरपी

महोदय,

मागणी छोटी आहे, म्हणून ती आधीच सांगते. बाळाला दीड महिन्याची लस द्यायला आई उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत येते, त्या दिवशी तिचं पोट हात लावून तपासलं जावं. पोटाच्या मधोमध स्नायूंमध्ये किती बोटांचं अंतर उरलंय, हे माता व बाल संरक्षण कार्डावर लिहिलं जावं. आणि अंतर जास्त असेल किंवा तिला त्रास होत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे पाठवायची सोय तालुक्याच्या आत असावी.

मी मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे बायका कंबर घेऊन येतात, गुडघे घेऊन येतात, मान घेऊन येतात. पोटाची तक्रार सांगायला जवळजवळ कुणी येत नाही. बाळंतपण झालं की पोट सुटायचंच, हे त्यांनी आईकडून, सासूकडून आणि कधी कधी डॉक्टरांकडूनही ऐकलेलं असतं. मग त्याची तक्रार काय करायची, आणि कुणाकडे?

पत्र सगळ्यांनी वाचावं असं वाटतं, म्हणून नेमकं काय होतं ते थोडक्यात लिहिते. बरगड्यांपासून ओटीपोटाच्या हाडापर्यंत पोटावर दोन उभे स्नायू असतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. त्यांना मधोमध जोडणारी पांढरट, चिवट पट्टी असते. डॉक्टर तिला लिनिया अल्बा म्हणतात. गर्भ वाढतो तशी ही पट्टी रुंद आणि पातळ होत जाते आणि दोन्ही स्नायू एकमेकांपासून लांब सरकतात. याला डायस्टॅसिस रेक्टाय म्हणतात. गरोदरपणात हे होणं अगदी स्वाभाविक आहे. पोर्तुगालमधल्या संशोधकांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पहिलटकरणींची सोनोग्राफीने मोजणी केली होती. ३५व्या आठवड्यात त्यांच्यातल्या प्रत्येकीचे स्नायू विलग झालेले आढळले. बाळ झाल्यानंतर सहा महिन्यांनी ३९ टक्के जणींचे तसेच होते. नॉर्वेत ३०० पहिलटकरणींवर झालेला, २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आणखी पुढे जातो : सहा आठवड्यांनी ६० टक्के, सहा महिन्यांनी ४५ टक्के, आणि पूर्ण वर्ष उलटल्यावरही जवळपास ३३ टक्के.

म्हणजे बऱ्याच जणींचं आपोआप भरून येतं, आणि तितक्याच ठामपणे सांगायचं तर बऱ्याच जणींचं येत नाही. कुणाचं आलं आणि कुणाचं राहिलं, हे पाहिल्याशिवाय कळत नाही. आपल्याकडे पाहिलं जात नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

गेल्या पावसाळ्यात एक जण आली. कंबर दुखते म्हणून. तिचा धाकटा दोन वर्षांचा, कडेवरून खाली उतरायला तयार नव्हता. तपासणीच्या टेबलावर तिला आडवं व्हायला सांगितलं, आणि पुन्हा उठायला सांगितलं तेव्हा ती सरळ उठायला गेली. त्याबरोबर छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत एक उभा उंचवटा वर आला. आडवी झाली की नाहीसा. मी तिचे गुडघे वाकवून घेतले, डोकं जरासं उचलायला सांगितलं आणि बेंबीच्या वर बोटं आडवी ठेवली. चार बोटं आत गेली. खाली ताण लागतच नव्हता. बोटांच्या टोकांना आतला ठोका जाणवत होता. ती म्हणाली, ‘मॅडम, हे गॅसचं नाही का? मी तर त्याच्याच गोळ्या खाते.’ मग थोडी मोकळी झाल्यावर म्हणाली, ‘एसटीत लोक उठून जागा देतात. कितवा महिना विचारतात. आधी मी नाही नाही म्हणायचे. आता काही बोलत नाही, बसून घेते.’

हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही. तिला यात तक्रार करण्यासारखं काही आहे हेच कुणी सांगितलेलं नव्हतं. दोन्ही बाळंतपणं सरकारी दवाखान्यात झालेली. आशाताई घरी येऊन गेलेल्या. बाळाच्या सगळ्या लसी वेळेवर. कार्ड तिने प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून आणलेलं, त्यावर बाळाच्या वजनाचे ठिपके नीट भरलेले. आईच्या पोटाबद्दल त्या कार्डावर प्रसूतीनंतर एक अक्षर नव्हतं.

कारण कळलं नाही की माणूस कारण शोधतो, आणि इथे आपल्या खात्यालाही थेट किंमत मोजावी लागते. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी सांगतात, ‘ऑपरेशन केलं आणि पोट सुटलं.’ ऑपरेशन म्हणजे कुटुंब नियोजनाचं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या बाळंतपणापाठोपाठ ते झालेलं असतं, पोटही त्याच सुमारास सैल राहिलेलं असतं, आणि दोष नसबंदीला जातो. नलिका बांधल्याने पोटाचे स्नायू विलग होत नाहीत. पण गावातल्या पाच बायकांनी हेच सांगितलं की सहावी ऑपरेशनला तयार होत नाही, आणि आशाताईला तिची समजूत काढत बसावं लागतं. दुसरा आरोपी म्हणजे सिझरच्या वेळी कमरेत दिलेलं इंजेक्शन. त्या जागी काही दिवस दुखू शकतं, पण वर्षानुवर्षांची कंबरदुखी त्या सुईमुळे होते याला पुरावा नाही. तरी दहा वर्षांनंतरही बाई कमरेवर बोट ठेवून ‘इथं सुई दिली होती’ असं सांगते. आणि तिसरा दोष तिचा स्वतःचा : ‘सव्वा महिना पोट नीट बांधलं नाही ना मी.’ हे ऐकलं की मला फार वाईट वाटतं. ज्या बाईने उपाशीतापाशी राहून पोर वाढवलं, तिनेच आपल्या पोटाची हेळसांड केली असं तिला वाटत राहतं.

पोट बांधण्याबद्दल मला स्पष्ट लिहायला हवं, कारण शिकलेली माणसं त्याला सरसकट अडाणीपणा म्हणतात आणि ते मला पटत नाही. आमच्याकडे बाळंतिणीला न्हाऊमाखू घालणारी बाई शेक झाला की मऊ सुती लुगड्याने पोट गुंडाळते. सुरुवातीच्या दिवसांत त्याने आधार वाटतो, खोकताना-शिंकताना बरं वाटतं, उठबस सोपी होते. यात वाईट काही नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक, फार आवळून बांधलं तर पोटातला दाब खाली जातो, आणि प्रसूतीने आधीच थकलेल्या ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंवर तो भार पडतो. दोन, पट्टा स्नायूचं काम करतो, स्नायूला काम करायला शिकवत नाही. सव्वा महिन्याने पट्टा सुटतो आणि पोट होतं तिथेच असतं. खाजगी दवाखान्यात घरी जाताना जी चिठ्ठी मिळते तिच्यात लोहाच्या गोळ्या असतात, कॅल्शियम असतं आणि ‘बाळंतपणाचा पट्टा’ असतो. औषधाच्या दुकानात तो लगेच मिळतोही. तो कधी सोडायचा आणि पुढे काय करायचं, हे त्या चिठ्ठीवर मला अजून दिसलेलं नाही.

सिझरबद्दलही दोन ओळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीप्रमाणे महाराष्ट्रात साधारण चारातली एक प्रसूती सिझरने होते. नेहमीच्या आडव्या छेदात हे दोन उभे स्नायू कापत नाहीत, मधून बाजूला सारतात. म्हणून ‘माझे स्नायूच कापले, आता व्यायामाचा काय उपयोग’ ही समजूत चुकीची आहे. पण वरची त्वचा, चरबी, स्नायूंवरचं आवरण आणि गर्भाशय असे कितीतरी थर शिवलेले असतात. एवढी शस्त्रक्रिया गुडघ्यावर झाली असती तर दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्टला बोलावलं असतं. पोटावर झाली म्हणून बाई तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळ उचलून, पाय लटकत ठेवून, तोल सांभाळत पलंगावरून एकटीच उतरते.

आता इथल्या बायकांच्या कामाबद्दल. मी वर ज्या नॉर्वेच्या अभ्यासाबद्दल लिहिलं, त्यात एक गोष्ट ठळकपणे पुढे आली. वय, वजन, बाळाचं वजन, प्रसूतीचा प्रकार यांचा फारसा संबंध दिसला नाही. आठवड्यातून वीस किंवा त्याहून जास्त वेळा जड उचलणाऱ्या बायकांमध्ये मात्र वर्षानंतर स्नायू विलग राहण्याचं प्रमाण जास्त होतं. आठवड्यातून वीस वेळा! आमच्याकडे टँकर येतो त्या दिवशी बाई सकाळच्या तासाभरात तेवढे हंडे उचलते. भरलेला हंडा पंधरा-वीस किलोचा. ऊसतोडीला गेलेली बाई तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून वर चढते, आणि बाळ पाचटाच्या खोपीत ठेवून कामाला लागलेल्या कितीतरी जणी असतात. कायद्याने प्रसूती रजा २०१७ पासून २६ आठवड्यांची झाली. ती नोकरी करणाऱ्या बाईला मिळते. कोयत्याला रजा नसते. तेव्हा युरोपातले आकडे इथे जसेच्या तसे लागू होतील असं मी म्हणत नाही. इथली मोजणी झाली पाहिजे, आणि ती मोजणी करण्याची सगळ्यात सोपी जागा आपल्याच खात्याकडे आहे. तिच्याबद्दल पुढे लिहितेच.

त्याआधी एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडते. डायस्टॅसिस म्हणजे कंबरदुखी, असं थेट समीकरण मी मांडत नाही. त्याच नॉर्वेच्या अभ्यासात वर्षानंतर विलग स्नायू असलेल्या आणि नसलेल्या बायकांच्या कंबरदुखीत फरक आढळला नाही. कंबर दुखायला झोप न मिळणं, तासन्‌तास वाकून पाजणं, रक्त कमी असणं अशी बरीच कारणं असतात. खोकताना लघवी सुटण्याचंही तसंच. दोन्ही त्रास एकाच बाईला असतात हे मी रोज पाहते, म्हणून एकामुळे दुसरा होतो असं ठामपणे म्हणता येत नाही. आणि व्यायामाने मधलं अंतर प्रत्येकीचं बुजेलच असंही कुणी सांगू नये. नॉर्वेतच २०२३ साली ७० बायकांवर झालेल्या चाचणीत बारा आठवडे डोकं-खांदे उचलण्याचे, पोट वळवून उठण्याचे व्यायाम दिले गेले. अंतर कमी झालं नाही, पण वाढलंही नाही, आणि पोटाची ताकद व स्नायूची जाडी मात्र वाढली.

मला यात फार मोठी सुटका दिसते. कारण आज मोबाईलवर या बाईला दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, ‘तीस दिवसांत पोट आत, हा कोर्स घ्या.’ दुसरा म्हणतो, ‘तुमचं पोट दुभंगलंय, आता कधी पोटाचा व्यायाम करू नका, वजन उचलू नका.’ पहिल्याने पैसे जातात, दुसऱ्याने हिंमत जाते. हंडा उचलल्याशिवाय जिचं घर चालत नाही, तिला ‘उचलू नका’ सांगून काय उपयोग? तिला कसं उचलायचं ते शिकवायला हवं, आणि उचलण्याइतकी ताकद परत मिळवून द्यायला हवी. फिजिओथेरपीचं काम हे आहे. कमरेचा घेर किती इंच कमी झाला हे माझ्या कामाचं मोजमाप नाही.

प्रत्यक्षात आम्ही काय करतो? सुरुवात श्वासापासून होते, आणि ती प्रसूतीनंतर पहिल्या काही दिवसांतच होऊ शकते. उताणं, गुडघे वाकवून. श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलू द्यायच्या, सोडताना बेंबीखालचा भाग हळूच आत ओढायचा आणि त्याच वेळी लघवी अडवताना लागतात ते तळचे स्नायू वर उचलायचे. दिसायला काहीच नाही. पण हे तिन्ही एकत्र काम करायला लागले की पोटाचा आतला सर्वात खोल स्नायू, जो पट्ट्यासारखा कमरेभोवती गेलेला असतो, तो पुन्हा कामाला लागतो. बाजेवरून उठताना सरळ न उठता कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठायचं. सिझर झालं असेल तर खोकताना टाक्यांवर उशी धरायची. बद्धकोष्ठ होऊ द्यायचं नाही, कुंथायचं नाही. आमच्याकडे बाळंतिणीला पाणी कमी देतात ते थांबवायला हवं, आणि हे घरातल्या मोठ्या बाईला समोर बसवून सांगावं लागतं, नाहीतर सूनबाई ऐकून घेते आणि घरी काही बदलत नाही.

सहा आठवड्यांनंतर भार हळूहळू वाढतो. उताणं झोपून कंबर वर उचलणं, हातापायांवर येऊन एक हात एक पाय लांब करणं, भिंतीला रेटणं, उठाबशा. मग डोकं-खांदे उचलणं. मधोमध उंचवटा आला तर अजून वेळ आहे असं समजून एक पायरी मागे यायचं, घाबरायचं नाही. आणि मग रोजचं काम. मी माझ्या खोलीत एक पितळी हंडा ठेवला आहे. पहिल्यांदा त्यात तांब्याभर पाणी, मग अर्धा, मग पूर्ण. पाय फाकवून, गुडघ्यात वाकून, हंडा अंगाजवळ घेऊन, उचलतानाच तोंडाने श्वास सोडत वर यायचं. श्वास रोखून झटका दिला की सगळा दाब त्या पातळ झालेल्या मधल्या पट्टीवर जातो. वर सांगितलेली, एसटीत जागा मिळणारी बाई भरलेला हंडा कमरेवर घेऊन माझ्या खोलीत चालली त्या दिवशी तिच्या पोटात अजून अडीच बोटांचं अंतर होतंच. पण आता बोटं दाबली की खालून ताण लागत होता, आणि उठताना उंचवटा येत नव्हता. तिने मला विचारलं, ‘राहिलेलं पण भरेल का?’ मी म्हटलं, कदाचित नाही भरणार, आणि त्याने तुझं काम अडणार नाही. तिला ते पटलं. खरं सांगितलं तर बायकांना पटतं.

काही जणींना शस्त्रक्रिया लागते, हेही खरं आहे. अंतर फार मोठं असेल, बेंबीत हर्निया असेल, तर सर्जनचं मत घ्यावंच लागतं. बेंबीजवळ गाठ येऊन ती आत जात नसेल, कडक झाली असेल, दुखत असेल, उलट्या होत असतील तर वाट न बघता दवाखाना गाठायचा. तपासणी झाली तर अशा बायकाही वेळेत सापडतील.

आता त्या सोप्या जागेबद्दल.

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११ पासून सरकारी दवाखान्यातली प्रसूती मोफत झाली : औषधं, तपासण्या, रक्त, घरी सोडायला गाडी, साध्या प्रसूतीला तीन आणि सिझरला सात दिवसांचा आहार. राज्यातल्या ९४ टक्क्यांहून अधिक प्रसूती आता संस्थेत होतात. हे सोपं काम नव्हतं, आणि ज्यांनी ते केलं त्यात आपल्या खात्यातल्या हजारो परिचारिका आणि आशाताई आहेत. त्यानंतर आशाताई घरी येते : तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. पुढे बाळ तीन महिन्यांचं झालं की पुन्हा दर तीन महिन्यांनी, सव्वा वर्षाचं होईपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली प्रसूतीनंतरच्या काळजीची जी मार्गदर्शक तत्त्वं दिली, त्यांतली शेवटची भेट सहाव्या आठवड्यात आहे. आणि नेमक्या सहाव्या आठवड्यात आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात बाळाची पहिली पेंटाव्हॅलेंट, पोलिओ, रोटा, न्यूमोकोकल असते. म्हणजे बेचाळिसावा दिवस, आशाताईची भेट आणि दीड महिन्याची लस, तिन्ही एकाच आठवड्यात येतात.

लसीकरणाचं सत्र आपण पाहिलं असेल. अंगणवाडीच्या खोलीत सतरंजी, टेबलावर लसींची पेटी आणि बर्फाचे पॅक, एका कोपऱ्यात वजनकाटा. बाळ रडतं, आई त्याला छातीशी घेते, नर्सताई तिला चार गोष्टी सांगतात आणि म्हणतात, अर्धा तास बसून जा. लस दिल्यानंतर अर्धा तास थांबायचं असतं, बाळाला काही त्रास होत नाही ना ते बघायला. त्या अर्ध्या तासात आठ-दहा आया तिथे भिंतीला टेकून बसलेल्या असतात. नुसत्या बसलेल्या. दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यातही त्याच येतात, आणि नवव्या महिन्यातही. या बाईला दवाखान्यात बोलवायला वेगळी मोहीम लागत नाही, गाडी लागत नाही, भत्ता लागत नाही. ती आलेलीच असते.

तपासणीला दोन मिनिटं पुरतात. चटई, आडपडदा आणि स्वच्छ हात. बेंबीवर, बेंबीच्या वर आणि खाली, अशा तीन ठिकाणी बोटं ठेवायची. दोन बोटांपेक्षा जास्त अंतर आहे का, दाबल्यावर ताण लागतो का, उठताना उंचवटा येतो का, बेंबीत गाठ आहे का. आणि एक प्रश्न, जो तिला कुणी विचारत नाही : खोकताना-हसताना लघवी सुटते का? आडपडदा मात्र हवाच. तो नसेल तर पोट दाखवायला कुणी तयार होणार नाही, आणि तिने का व्हावं?

नर्सताईंवर आधीच किती नोंदवह्यांचा भार आहे, याची मला कल्पना आहे. म्हणूनच मी नवी नोंदवही मागत नाही. असलेल्या कार्डावर एक ओळ मागते. हे काम समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनीही करता येईल. आयुष्मान आरोग्य मंदिरांमध्ये ते बसलेले असतात, आणि ई-संजीवनीवरून ते रोज डॉक्टरांशी रुग्णाचं बोलणं करून देतात. त्याच पडद्यावर आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट का नसावा? श्वासाचे आणि पहिल्या टप्प्याचे व्यायाम व्हिडिओवरून शिकवता येतात. सगळ्यांना प्रत्यक्ष भेटीची गरज नसते.

ज्यांना गरज असते त्यांचा प्रश्न खरा अवघड आहे. फिजिओथेरपिस्ट जिल्हा रुग्णालयात असतो, आणि तिथे वृद्धांचे गुडघे व पक्षाघाताचे रुग्ण यांनीच त्याचा दिवस भरतो. जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही फिजिओथेरपिस्ट असतो, तो मुलांसाठी. मान न धरणाऱ्या बाळाला घेऊन आई तिथे आठवड्याला येते, तिच्या स्वतःच्या पोटाला मात्र त्याच इमारतीत जागा नसते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. आठवड्यातून एकदा येऊन अर्धा तास व्यायाम शिकणारी बाई तिच्यात बसत नाही. खाजगीत यायचं तर एका वेळची फी आणि एसटीचं भाडं मिळून दिवसाची मजुरी जाते. फ्रान्समध्ये प्रसूतीनंतरच्या या व्यायामाच्या भेटींचा खर्च सरकारी विमा उचलतो. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सेवेत आठ आठवड्यांनंतरही अंतर स्पष्ट जाणवत असेल तर डॉक्टरांकडे जा, ते फिजिओथेरपिस्टकडे पाठवतील, असा साधा सल्ला सगळ्या आयांना दिला जातो. आपल्याला लगेच तितकं जमणार नाही. पण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न फिजिओथेरपी महाविद्यालयं राज्यभर आहेत, आणि त्यांतल्या इंटर्न मुलामुलींना ग्रामीण रुग्णालयात पाठवणं आपल्या हातात आहे. लसीकरणाच्या दिवशी एक इंटर्न मुलगी त्या खोलीत असेल, तर तपासणीही होईल आणि दहा आयांना एकत्र बसवून व्यायामही शिकवले जातील. त्या मुलींनाही महाविद्यालयातल्या प्लॅस्टरच्या मॉडेलपेक्षा खूप जास्त शिकायला मिळेल. मुली म्हणते, कारण निदान सुरुवातीला बाईनेच तपासावं असं इथल्या बायकांना वाटतं, आणि त्यांचं ते म्हणणं मानलं पाहिजे.

स्त्रीरोगतज्ज्ञांनाही या पत्रातून एक विनंती करते. घरी सोडताना चिठ्ठीवर पट्टा लिहिता, त्याच्या खाली ‘सहा आठवड्यांनी पोटाच्या स्नायूंची तपासणी’ एवढं लिहा. आपल्या अक्षरात लिहिलेलं असलं की घरचे तिला घेऊन येतात. आम्ही कितीही सांगितलं तरी तेवढं वजन पडत नाही.

आपल्याकडून मला हवंय ते असं : माता व बाल संरक्षण कार्डाच्या पुढच्या छपाईत प्रसूतीनंतरच्या भागात पोटाच्या स्नायूंची एक ओळ आणि लघवीबद्दलचा एक प्रश्न. आशांच्या मासिक बैठकीत या विषयाचा एक तास. आणि तपासणीत सापडलेल्या बायकांसाठी प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातून एक दिवस फिजिओथेरपिस्ट. सगळ्या राज्यात एकदम नको. एका तालुक्यात सहा महिने करून बघा, किती बायका सापडतात ते मोजा, मग ठरवा. ऊसतोडीला जाणाऱ्या गावांचा तालुका निवडलात तर दिवाळीच्या आधी सुरू करा, कारण त्यानंतर गावं रिकामी होतात आणि या बायका एप्रिलपर्यंत भेटत नाहीत.

आमच्या तालुक्यातल्या नर्सताई, समुदाय आरोग्य अधिकारी आणि आशाताई यांचं प्रशिक्षण मी विनामोबदला करीन. माझ्यासारख्या जिल्ह्याजिल्ह्यांत काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मैत्रिणींशी मी बोलले आहे. त्याही तयार आहेत. आपल्या कार्यालयातून तारीख कळली की आम्ही येतो. चटई आणि पडदे आमचे आम्ही आणू.

आपली विश्वासू,
एक फिजिओथेरपिस्ट, मराठवाडा